कॉर्डांची वाट : उपासनेतील वादकांसाठी एक अभ्यासपाठ

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आता पेटी-तबल्याच्या जोडीला गिटार व कीबोर्ड आले आहेत. बालाघाट, वारासिवनी, गोंदिया ह्या पट्ट्यात तर एकाच उपासनेत एक गीत मराठी, दुसरे हिंदी आणि तिसरे इंग्रजी चालीवर बसविलेले, असे सहज घडते. १९५६ पर्यंत बालाघाटचा कारभार नागपूरहून चाले, पुढे तो भोपाळहून चालू लागला. पण राज्याची सीमा बदलली म्हणून लोकांच्या तोंडची गाणी बदलत नाहीत. तेव्हा इकडच्या वादकाला दोन भाषा आणि तीन तऱ्हेच्या चाली सांभाळाव्या लागतात.

गीत चालू असेपर्यंत सारे ठीक असते. चाल सर्वांना ठाऊक असते; पेटी गायनाच्या मागे मागे जाते, गिटार वहीत लिहिलेल्या कॉर्ड वाजवीत राहते. अडचण येते ती दोन कडव्यांच्या मधल्या जागेत. गायन थांबते, पेटीवाले बंधू आपल्या मनाने काही सुरावट घेतात आणि नेमकी त्याच वेळी गिटारवर दुसरीच कॉर्ड वाजते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, तरी कानाला खडा लागतो. मग पुढचे कडवे कोठे उचलावे हे मंडळीला कळत नाही, आणि वडीलधारी माणसे, ज्यांना सारी गीते तोंडपाठ आहेत, तीच गप्प उभी राहतात. हा दोष भक्तीचा नव्हे, अभ्यासाचा आहे, आणि तो दूर करता येतो.

ह्या एका प्रश्नाचा, म्हणजे पायाखालच्या कॉर्ड बदलत असताना वरती मनाने काय वाजवावे ह्याचा, सर्वात कसून अभ्यास कोणी केला असेल तर तो जॅझ वादकांनी. जॅझ हा शब्द काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. हॉटेले, नाच आणि मद्याचे पेले डोळ्यांसमोर येतील. ते अगदीच खोटे नाही. परंतु हे संगीत ज्या लोकांत जन्मले त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांचे कान देवळातील गायनावर तयार झालेले होते. टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हा एका बाप्टिस्ट उपदेशकाचा मुलगा. तरुणपणी तो मा रेनी ह्या प्रसिद्ध ब्लूज गायिकेच्या साथीला पियानो वाजवी. पुढे त्याने तीच वाजविण्याची ढब भक्तिगीतांत आणली, तेव्हा शिकागोतील पुष्कळ मंडळ्यांनी त्याला दार दाखविले. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात वारली, पाठोपाठ तान्हे मूलही गेले. त्या दुःखात त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत केले, ते मेटलंड नावाच्या जुन्या देवळातल्या चालीच्या आधाराने. ज्या वादनपद्धतीला दार बंद केले होते, तिच्यातच लिहिलेले हे गीत पुढे जगभर गायिले गेले. १९६८ साली मार्टिन लूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी तेच गायिले.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या संगीतातही मनाने वाजविणे आहेच. त्यास आपण उपज म्हणतो. मग कीर्तनाची साथ करण्यात हयात गेलेला पेटीवाला गिटारपुढे का अडखळतो? ह्याचे कारण असे की आपल्याकडे जमीन हलत नाही. तंबोरा सा आणि प धरून बसतो, आणि त्यावर गायक कितीही हिंडला तरी सा हे त्याचे घर कायम असते. सा वर येऊन थांबले की चुकले असे कधी होत नाही. कॉर्डांच्या संगीतात मात्र जमीनच सरकते, आणि कधी कधी सा देखील परका होतो. हे वाक्य प्रथम वाचताना विचित्र वाटेल. पण हा सबंध पाठ ह्या एका वाक्याच्या उलगड्यासाठी आहे.

पेटीवर पांढरी एक सा धरावी, म्हणजे सारे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतील. कॉर्ड म्हणजे एक स्वर आड एक असे तीन स्वर एकदम. सा-ग-प ही सा वरची कॉर्ड. तिला आपण १ म्हणू. रे-म-ध ही २, ग-प-नि ही ३, म-ध-सा ही ४, प-नि-रे ही ५, ध-सा-ग ही ६. सातवी नि-रे-म ही एकटी क्वचितच येते, ती तूर्त बाजूला ठेवू. ह्यांतील १, ४ आणि ५ ह्यांचा नाद भरदार आहे, त्या मेजर. २, ३ आणि ६ ह्यांचा नाद थोडा उदास, त्या मायनर. कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजल्या की दिसते. सा पासून ग चार पट्ट्यांवर आहे, रे पासून म तीनच पट्ट्यांवर आहे. एवढ्या एका पट्टीने नाद पालटतो.

गिटार शिकणारी मुले सी, एफ, जी अशी नावे पाठ करतात. नावे वाईट नाहीत, पण भगिनी गाणार म्हणून पट्टी काळी दोनवर नेली की सारी नावे बदलतात आणि मुले गोंधळतात. आकडे बदलत नाहीत. जॅझ वादक म्हणूनच आकड्यांनी विचार करतात, आणि ज्याने सारेगम शिकले आहे त्याला हे अवघड जाऊ नये, कारण आपले सारेगमही पट्टीबरोबर सरकणारेच आहे. ह्या बाबतीत पेटीवाला गिटारवाल्यापेक्षा एक पाऊल पुढेच आहे, असे माझे मत आहे.

५ ह्या कॉर्डला बहुतेक वेळा आणखी एक स्वर जोडतात: प-नि-रे-म. आता ही चार पांढऱ्या पट्ट्यांची कॉर्ड दाबून धरा आणि थांबा. कान अस्वस्थ होतो, कोणीतरी वाक्य अर्धे सोडून उठून गेल्यासारखे वाटते. मग सा-ग-प दाबा, म्हणजे जीव खाली पडतो. असे का व्हावे? प-नि-रे-म मधला नि एक पट्टी वर चढून सा ला मिळतो, आणि म एक पट्टी खाली उतरून ग ला मिळतो. दोघे समोरासमोरच्या दिशांनी एकेक पाऊल टाकून घरी येतात. बाकीचे स्वर काय करतात ह्याला फारसे महत्त्व नाही. सारी ओढ ह्या म आणि नि मध्ये आहे.

आता ५ ही कॉर्ड चालू असताना पेटीवर सा लांबवून पाहा. कॉर्डमधला नि आणि तुमचा सा एकमेकांना घासतात. घर गाठण्यापूर्वीच तुम्ही घरी असल्याचे सांगितलेत, असा तो प्रकार होतो. सा परका होतो तो येथे. जाता जाता सा ला स्पर्श केला तर बिघडत नाही. टेकायला मात्र तो चालत नाही. तसेच १ वर म टेकायला चालत नाही, कारण तो खालच्या ग ला घासतो. पुष्कळ मंडळ्यांतला तो खडा बहुधा ह्या दोन जागांपैकी एका जागी असतो.

जॅझमध्ये पदोपदी आढळणारी चाल म्हणजे २-५-१. आकडे पाहून घाबरू नये. रे-म-ध-सा, मग प-नि-रे-म, मग सा-ग-प किंवा सा-ग-प-नि. प्रत्येक कॉर्डमधला दुसरा आणि चौथा स्वर तेवढा उचला. पहिल्या कॉर्डमध्ये म आणि सा; दुसऱ्या कॉर्डमध्ये म आणि नि; तिसऱ्या कॉर्डमध्ये ग आणि नि. म्हणजे पहिल्या बदलात म जागेवर थांबला आणि सा एक पट्टी उतरून नि झाला. दुसऱ्या बदलात नि जागेवर थांबला आणि म एक पट्टी उतरून ग झाला. कॉर्ड दोन वेळा बदलल्या, पाया रे वरून प वर आणि प वरून सा वर उडाला, पण आत दोन स्वर अगदी शांतपणे पायरी पायरीने चालत होते. ह्या स्वरांना आपण वाटाडे स्वर म्हणू. बारच्या पहिल्या मात्रेवर (चार मात्रांच्या एका खंडाला वादक बार म्हणतात) वाटाड्या स्वर आला, की मधल्या मात्रांत तुम्ही काहीही वाजवा, ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. गिटार नसली तरीही कळते. मोठमोठ्या वादकांच्या वेगवान तानांतून फालतू स्वर गाळून पाहिले, तर खाली हा सांगाडा सापडतो.

रे, प, सा हा क्रम तरी असाच का? प चा पंचम रे, आणि सा चा पंचम प. म्हणजे प्रत्येक कॉर्ड ही पुढच्या कॉर्डचा पंचम आहे. षड्ज-पंचम भाव आपल्या शास्त्रात शिकवितात तोच येथे उलट्या बाजूने चालतो. मागे जात राहिले तर रे च्या आधी ध, ध च्या आधी ग. म्हणून ३-६-२-५-१ अशी लांब साखळी ऐकू आली तरी गोंधळू नये. ती एकाच वाटेने घरी येत आहे.

कधी कधी ह्या साखळीत पट्टीबाहेरचा एखादा स्वर येतो. वहीत साध्या कॉर्डच्या जागी सातचा आकडा जोडलेली निराळी कॉर्ड लिहिलेली असते आणि मुले ती न समजता दाबतात. असा परका स्वर म्हणजे पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी समजावी. सा-ग-प मध्ये कोमल नि मिसळला, की तो एक पट्टी उतरून ध वर जाऊ पाहतो आणि ग एक पट्टी चढून म वर जाऊ पाहतो. म्हणजे ४ येणार. रे च्या कॉर्डमध्ये तीव्र म आला, की तो प वर चढणार. म्हणजे ५ येणार. ध च्या कॉर्डमध्ये कोमल रे आला तर मुक्काम रे. ग च्या कॉर्डमध्ये कोमल ध आला तर मुक्काम ध. एवढे चार परके स्वर ओळखता आले तरी इंग्रजी चालींच्या पुस्तकातील निम्म्याहून अधिक कोडी सुटतात. वादकाने त्या परक्या स्वराला भ्यावयाचे नसते. उलट त्यालाच आपल्या सुरावटीत मानाची जागा द्यावयाची असते, कारण त्या घटकेला तोच बोलत असतो.

उदाहरणासाठी ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ घेऊ. शब्बाथशाळेत पुष्कळांनी ते गायिले आहे. मूळचे हे देवळातले गीत. लुई आर्मस्ट्राँगने १९३८ साली ते आपल्या बँडसह मुद्रित केले आणि तेव्हापासून ते जॅझचेही झाले. सोळा बारांचे हे गीत नेहमीच्या रीतीने असे चालते: पहिले सहा बार १, सातवा व आठवा ५. नववा पुन्हा १. दहाव्यात त्याच १ मध्ये कोमल नि मिसळतो. अकरावा व बारावा ४, तेरावा १, चौदावा ५, शेवटचे दोन १. आता ह्याकडे जमिनीचा नकाशा म्हणून पाहा. पहिले सहा बार घरातच आहोत. येथे घाई करू नये. नवशिके वादक येथेच सारे सामान उतरवून मोकळे होतात आणि पुढे त्यांच्याजवळ काही उरत नाही. सातव्या बारला पहिल्यांदा घराबाहेर पाऊल पडते, तेव्हा तेथे नि किंवा म हवा. आणि ह्या गीताचा खरा प्राण दहाव्या बारमध्ये आहे. तो कोमल नि तेथे आला की तिसरी ओळ वर उचलली जाते आणि चाल म वर जाऊन टेकते. एरवी १ वर ज्या म ला टेकू देत नव्हतो, त्याच्यासाठी आता खालची जमीनच बदलली आहे. दहाव्या बारमध्ये कोमल नि, अकराव्याच्या पहिल्या मात्रेवर ध, एवढे दोनच स्वर पेटीवर नीट वाजवून पाहा. गाणारी माणसे आपोआप छाती भरून घेतील.

बुद्धीने हे समजणे आणि चालत्या गीतात हाताने ते होणे ह्यांत अंतर आहे. जॉन कोल्ट्रेन ह्या सॅक्सोफोन वादकाचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. त्याने १९५९ साली ‘जायंट स्टेप्स’ ही रचना मुद्रित केली. तिच्यात कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात, आणि तीन वेगवेगळ्या पट्ट्यांतून फिरतात, की साथीचा पियानोवादक टॉमी फ्लॅनगन, जो त्या काळच्या उत्तम वादकांपैकी एक होता, त्याचे वादन मध्ये मध्ये तुटते. ते तसेच तबकडीवर आले आहे, आजही ऐकता येते. कोल्ट्रेनने त्या वाटेचा आधी पुष्कळ सराव केलेला होता. फ्लॅनगनला तेवढा अवधी मिळाला नव्हता. फ्लॅनगनने पुढे १९८२ साली त्याच नावाची तबकडी काढून ती रचना पुन्हा वाजविली, आणि ह्या वेळी तो कोठेच अडखळला नाही. मला ह्या दुसऱ्या तबकडीचे अधिक कौतुक वाटते.

त्याच १९५९ साली माइल्स डेव्हिसने अगदी उलट मार्ग धरला. ‘काइंड ऑफ ब्लू’ ह्या तबकडीतील ‘सो व्हॉट’ ह्या रचनेत कॉर्डांची धावपळ नाही. बत्तीस बारांपैकी पहिले सोळा एकाच स्वरसप्तकात, पुढचे आठ तेच सप्तक एक पट्टी वर चढवून, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. ते सप्तक म्हणजे कोमल ग व कोमल नि घेणारा आपला काफी थाट. सा पांढरी दोन, मग काळी दोन, मग पुन्हा पांढरी दोन. आपल्या पेटीवाल्याने हे वाजवून पाहावे; जॅझ आपल्यापासून किती दूर आहे आणि किती जवळ, हे त्याला एका संध्याकाळी कळेल.

हिंदुस्थानात हे कॉर्डांचे ज्ञान पसरविले ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. तेथील चर्चच्या शाळांतून मेस्त्री मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. ती मुले मोठी होऊन मुंबईस येत, हॉटेलांतील बँडमध्ये जॅझ वाजवीत, आणि चित्रपटांच्या गाण्यांनाही साज चढवीत. अल्डोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे चिक चॉकलेट ह्या नावाने ट्रंपेट वाजवीत. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या आपल्या मराठी सी. रामचंद्रांचे ते सहायक होते, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. १९७७ च्या एका सुप्रसिद्ध गाण्यात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ ह्यांना एकत्र आणण्यासाठी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायिकेच्या ओळीमागून व्हायोलिनांची जी दुसरी सुरावट वाहते, तिच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा यांची लेखणी असे. संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि हे लोक त्या चालीखाली लपलेल्या कॉर्ड ऐकून कागदावर उतरवीत. जुनी गाणी पुन्हा लावून गायन सोडून फक्त मागची व्हायोलिने ऐकावीत. आपण ज्यांना वाटाडे स्वर म्हटले ते तेथे पदोपदी भेटतील.

येथे एक इशारा देणे भाग आहे, कारण नवे शिकलेला मनुष्य ते सगळीकडे वापरू पाहतो. प्रत्येक गीताला कॉर्ड हव्यातच असे नाही. रेव्हरंड टिळकांनी (त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा) आपल्या मंडळ्यांना भजनाची आणि कीर्तनाची वाट दिली, आणि रागावर बसलेल्या अशा भजनांना वेगळा न्याय लावावा लागतो. भैरवी घ्या. तिच्यात रे, ग, ध, नि चारही कोमल. तिच्या स्वरांनी ५ ही कॉर्ड बांधली तर प, कोमल नि, कोमल रे अशी येते आणि ती उभीच राहत नाही. मग गिटारवाला सवयीने शुद्ध नि घालतो आणि भैरवीचा घात होतो. अशा भजनाला पेटीवर सा आणि प धरून ठेवावेत, गिटारनेही तेवढेच छेडावे, आणि उपज रागातूनच घ्यावी. कमी वाजविणे हीसुद्धा साथ आहे.

भूपाची गोष्ट अधिक गमतीची आहे. भूपात म आणि नि नाहीत, म्हणजे ज्या दोन स्वरांवर कॉर्डांची सारी ओढ उभी आहे तेच नेमके वर्ज्य. ‘अमेझिंग ग्रेस’ ची चालही ह्याच पाच स्वरांची आहे. जॉन न्यूटनचे शब्द १७७९ सालचे; आज सर्वत्र ऐकू येणारी चाल त्यांना १८३५ साली जोडली गेली. तिला कॉर्ड लावतात तेव्हा म आणि नि खालच्या आवाजांतून येतात, वरच्या चालीत मात्र ते कधीच येत नाहीत. म्हणून ह्या गीताच्या मधल्या जागेत वादकापुढे दोन रस्ते असतात. केवळ सा रे ग प ध एवढ्यातच राहावे, म्हणजे चालीचा साधेपणा टिकतो आणि चुकण्याची भीती फार कमी. किंवा कॉर्ड बदलताना म व नि ला वर आणावे, म्हणजे रंग गडद होतो. दोन्ही रास्त आहेत. पण पेटीने एक आणि कीबोर्डने दुसरा असे एकाच वेळी करू नये. उपासनेपूर्वी दोघांनी बसून ठरवावे. नवशिक्याला मी पाच स्वरांचाच रस्ता सांगेन. फक्त ५ ह्या कॉर्डवर सा टाळून रे किंवा प वर टेकावे.

कीबोर्डवरील तयार तालाच्या बटणाबद्दलही एक शब्द. बटण दाबले की यंत्र आपोआप ढोल, बास आणि कॉर्ड सारे वाजवू लागते. ते थकत नाही हे खरे, पण म्हातारी बाई श्वास घेण्यासाठी थांबली तर ते थांबतही नाही. शिकण्याच्या काळात तरी ते बंद ठेवावे आणि डाव्या हाताने कॉर्डचा केवळ पाया, म्हणजे एकच स्वर, वाजवावा. पाया ऐकू आला की पुढची जागा कोठे आहे हे कान सांगू लागतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हा पाठ वाद्याशिवायही घेता येईल. मुलांचे तीन गट करावेत. मोठ्या मुलांनी रे – प – सा असे तीन लांब स्वर गावेत. मधल्या गटाने म – म – ग. लहानांनी वरचा सा – नि – वरचा सा. प्रत्येक स्वर चार मात्रा धरावा आणि बदल एकदम व्हावा; शिक्षकाने हाताने मात्रा द्याव्यात. आधी प्रत्येक गटाला वेगळे गाऊन घ्यावे, कारण म – म – ग गाणाऱ्यांना वाटते की आपल्याला काहीच काम दिलेले नाही. मग तिन्ही गट एकत्र आले आणि त्यांचा म शेवटी ग वर उतरला, की त्यांच्या तोंडावरून कळते की त्यांना कळले. ही २-५-१. दोन-तीन आठवडे गेल्यावर एकाच हुशार मुलाला किंवा मुलीला मोकळे सोडावे: बाकीच्यांनी आपापले स्वर धरावेत, आणि त्या मुलाने वरती मनाला येईल ते गावे, अट इतकीच की प्रत्येक बदलाच्या पहिल्या मात्रेवर त्याने आपल्या तीन गटांपैकी कोणाचा तरी स्वर पकडावा. चुकल्यास थांबवू नये. पुढच्या पहिल्या मात्रेला तो आपोआप सावरतो.

प्रौढ वादकांसाठी गृहपाठ म्हणून ‘उपासना संगीत’ मधून इंग्रजी चालीचे एक गीत निवडावे आणि शब्दांच्या वर कॉर्डांचे आकडे पेन्सिलीने लिहावेत, शाईने नको. जेथे ५ वरून १ येते तेथे म आणि नि ला खूण करावी. जेथे परका स्वर आहे तेथे त्याचा मुक्काम लिहावा. शेवटी आमेन येईल. तेथे बहुधा ५ नसून ४ वरून १ असते: सा जागचा हलत नाही, म उतरून ग होतो, ध उतरून प होतो. नि तेथे नाहीच, म्हणून त्या उतरण्यात ओढ नाही, केवळ टेकणे आहे. हे दोन स्वर सावकाश उतरवून मग भाता सोडावा.